आजन्म विद्यार्थी : व्हिन्सेंट व्हॅन गॉग

मुलाचे शिकण्याचे वय निघून गेले असे म्हणून आपण किती सहज हात टेकतो ! हॉलंडमधील एका धर्मोपदेशकाच्या मुलाची ही हकीकत त्यासाठी वाचावी.

१८५३ साली जन्मलेला व्हिन्सेंट प्रथम चित्रविक्रीच्या पेढीत कारकून होता. ती नोकरी गेली. मग इंग्लंडात साहाय्यक शिक्षक, पुढे पुस्तकांच्या दुकानात, नंतर बेल्जियमच्या कोळसा खाणींत मजुरांमध्ये धर्मप्रचारक. जम कोठेच बसला नाही. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हावयाचे ठरविले. आपल्याकडे एलिमेंटरी ड्रॉईंगला बसणारी मुले त्याच्या निम्म्या वयाची असतात !

शिकवणीला पैसे नव्हते. खाणकामगाराच्या घरातील लहानशा खोलीत बसून त्याने शार्ल बार्ग याच्या अभ्यासमालेतील कोळशाने काढावयाच्या आकृतींचे ६० तक्ते एकामागून एक उतरविले.

१८८१ च्या अखेरीस हेग येथे नात्यातील नामांकित चित्रकार आंतोन मॉव्ह याने त्याला रंगांची पेटी दिली व तैलरंगाचे प्राथमिक धडे दिले. मात्र मॉव्हने प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन करावयास सांगताच व्हिन्सेंटने संतापून ते कोळशाच्या डब्यात फेकून फोडले. गुरुशिष्यांचे बिनसले. मी शिक्षक आहे म्हणून म्हणत नाही, पण चूक व्हिन्सेंटचीच होती. कारण चार वर्षांनी अँटवर्पच्या कला-अकादमीत आणि नंतर पॅरिसला कोर्मों यांच्या चित्रशाळेत त्याला तशाच प्लास्टरच्या मूर्तींसमोर बसावे लागले.

मधल्या काळात त्याने शार्ल ब्लां याचे ग्रंथ वाचले. लाल व हिरवा, निळा व नारिंगी हे रंग शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात, हे त्यातून त्याला उमगले. पण तैलरंग महाग. म्हणून रंगीत लोकरीचे धागे एकत्र गुंडाळून तो रंगसंगती आधी ताडून पाही. ते लोकरीचे गुंडे आजही जपून ठेवलेले आहेत.

त्याच्या रंगांचा खर्च कोण करी ? धाकटा भाऊ थिओ. तो पॅरिसमध्ये नोकरी करून पैसे, कॅनव्हास, रंगांच्या नळ्या पाठवीत राहिला. पालकहो, या थिओकडे जरा पाहा. भावाच्या चित्रांना गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते, तरी त्याने हात आखडला नाही.

१८८८ मध्ये सूर्यफुले रंगविली गेली, १८८९ मध्ये तारकांनी भरलेली रात्र. त्याच काळात मानसिक आजाराचे झटके येऊ लागले आणि २९ जुलै १८९० रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी, तो वारला. दहा वर्षांत त्याने साडेआठशेच्या आसपास तैलचित्रे केली होती. मृत्यूपूर्वी दोनएक महिने त्याने थिओला पत्र लिहून एक वस्तू मागितली होती. आकृतीचे प्रमाण हातातून सुटू नये म्हणून त्याला बार्गचे ते नवशिक्यांचे कोळशाचे तक्ते पुन्हा एकदा उतरवावयाचे होते.