तंबाखू तोंडात नेमकी कुठं ठेवता? या प्रश्नातून कॅन्सरचा माग काढणारे डॉ. खानोलकर

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या आजीला विचारा, तंबाखू खाता का? ठामपणे नाही म्हणेल. मशेरी लावता का विचारलं तर मात्र लगेच हो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि बोटानं हिरड्यांवर फिरवायची. तिच्या लेखी हे दात घासणं आहे, व्यसन नाही.

म्हणजे सगळं प्रश्न कसा विचारता त्यावर आहे. आपल्याकडे कॅन्सरच्या पेशंटना हा प्रश्न नीट विचारून त्याचं शास्त्र उभं करणाऱ्यांमध्ये पहिलं नाव घ्यावं लागतं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं.

खानोलकर जन्मले 13 एप्रिल 1895 रोजी क्वेट्ट्याला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात. लंडन विद्यापीठातून 1923 मध्ये पॅथॉलॉजीत एमडी झाले आणि मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी शिकवलं. पॅथॉलॉजी म्हणजे काचपट्टीवरचा गाठीचा तुकडा बघून आजार ओळखायचं काम. पेशंटशी बोलायची वेळ या डॉक्टरांवर फारशी येत नाही.

1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. इथं एक गोष्ट ठळक दिसायला लागली. युरोप-अमेरिकेच्या तुलनेत आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण भलतंच जास्त होतं. का?

तेव्हा याचं खापर हवामानावर किंवा वंशावर फोडणं सोपं होतं. खानोलकरांनी पेशंटच्या सवयी बघितल्या. 1944 मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग 1000 केसेसचा आढावा 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन जर्नलमध्ये छापला. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवणारे ब्रिटन-अमेरिकेतले गाजलेले अभ्यास आले 1950 मध्ये. अर्थात तंबाखूवर बोट ठेवणारे खानोलकर पहिलेच नव्हते. पान-तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचा संबंध ऑर नावाच्या डॉक्टरनं 1933 मध्येच त्रावणकोरात दाखवला होता. पण खानोलकर एका भागापुरते थांबले नाहीत.

त्यांचा 1945 चा लेख तर थक्क करणारा आहे. बिहारकडे खैनी खालच्या ओठाआड दाबून ठेवतात, तर कॅन्सर तिथंच. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा उलटा, म्हणजे जळतं टोक तोंडात धरून ओढतात, तर कॅन्सर टाळूला. त्याच लेखात त्यांनी कमरेला धोतर घट्ट आवळून होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचाही उल्लेख केला. गाठ कुठं आहे त्यावरून माणसाची सवय कळत होती.

1952 मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. पहिले संचालक खानोलकरच. तिथं त्यांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्यासारखे आकडेवारीत मुरलेले सहकारी सोबत घेतले. 1955 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा अभ्यास आला. चघळणाऱ्यांना तोंडाच्या पोकळीत, बिडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी आणि घशाकडे कॅन्सरचा धोका जास्त. जगाचं लक्ष सिगारेटवर असताना आपली बिडी आणि चिमूट अशी आकड्यांत मांडली गेली. निपाणीपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत बिडीच्या तंबाखूवर कितीतरी घरं चालतात, हे लक्षात घेतलं की ही मांडणी किती अडचणीची होती ते कळतं.

पुढं पद्मभूषण मिळालं, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपदही आलं. कुष्ठरोगावरचं त्यांचं संशोधनही मोठं आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

मशेरीची दखल घेतली ती नंतरच्या पिढीनं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या डॉ. फली मेहतांच्या टीमनं 1960 च्या दशकाच्या शेवटी पुणे जिल्ह्यात एक लाखाहून जास्त गावकऱ्यांची तोंडं तपासली. मग याच टीमनं एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत तंबाखू घेणाऱ्या साधारण 36,000 लोकांना ती सोडायला समजावण्याचा प्रयोग केला. समजावल्यावर जास्त लोकांनी तंबाखू सोडली आणि तोंडातले पांढरे चट्टेही कमी झाले. तंबाखू सोडवण्याच्या केंद्रात आजही आधी विचारतात ते हेच: काय घेता, किती वेळा, सकाळी उठल्यावर किती वेळानं?

खानोलकर 29 ऑक्टोबर 1978 रोजी गेले. त्याच्या तीनच वर्षं आधी धोक्याचा इशारा छापायचा कायदा आला होता, पण फक्त सिगारेटच्या पाकिटापुरता. ज्या बिडी आणि खायच्या तंबाखूवर त्यांनी इतकं काम केलं, त्या सगळ्यांना सामावणारा देशभराचा तंबाखू कायदा व्हायला 2003 उजाडलं. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला तर पाकीटच नसतं, इशारा छापणार कुठं?

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन मोफत आहे. नंबर 1800 11 2356. सिगारेट असो, बिडी असो की मशेरी, फोन करता येतो.