चार मार्कांचा पर्किन

आपल्या केमिकलच्या मुलांना पर्किन माहीत असतो तो चार मार्कांपुरता. 'पर्किन रिॲक्शनवर टीप लिहा' असा प्रश्न येतो, आपण बाण काढतो, प्रॉडक्ट लिहितो आणि पान उलटतो. मीही तेच केलं. मार्क मिळाले, माणूस विसरलो.

तो परत भेटला एका सेंटमुळे. मावसभावाच्या लग्नाला मामाने दिलेलं सेंट लावलं होतं. सकाळी नुकतंच लिंबू सोलल्यासारखा ताजा वास. दुपारपर्यंत लिंबू गायब! आणि रात्री शर्ट काढताना कॉलरला भाजलेल्या बदामासारखा उबदार वास. एकाच बाटलीत दोन वास कसे? लायब्ररीत शोधायला गेलो, तर समोर पुन्हा पर्किनच.

विल्यम हेन्री पर्किनचा जन्म १८३८ सालचा, लंडनचा. वडील घरं बांधायचे आणि मुलाने आर्किटेक्ट व्हावं ही त्यांची इच्छा. पण पोराला केमिस्ट्रीचं वेड. पंधराव्या वर्षी तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमन सरांच्या हाताखाली दाखल झाला. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरच्या छोट्या लॅबमध्ये तो मलेरियावरचं क्विनाइन बनवायला बसला. हाती लागला काळा चिकट गाळ. आपलं प्रॅक्टिकल असं बिघडलं तर आपण फ्लास्क धुतो आणि शेजाऱ्याचं रीडिंग उतरवतो. यानेही फ्लास्क धुतला, पण अल्कोहोलने, आणि डोळे उघडे ठेवून. जांभळा रंग उतरला. तोच पहिला यशस्वी कृत्रिम रंग, मॉव्ह.

खरी परीक्षा पुढेच होती. अठराव्या वर्षी कॉलेज सोडून कारखाना काढायचा! हॉफमन सरांना हे अजिबात पसंत नव्हतं. मुलाने केमिस्ट्री घेऊ नये असं वाटणाऱ्या वडिलांनी मात्र आयुष्यभराची पुंजी त्यात घातली. भाऊ थॉमसही सोबत आला. १८५७ मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्डला कारखाना सुरू झाला. रंग बुडाला असता तर अख्खं घर बुडालं असतं. हे वाचताना मला आमच्या घरचं एज्युकेशन लोन आठवलं, खोटं कशाला बोलू?

रंग चालला. पैसा आला, पण पर्किनची लॅब बंद झाली नाही. १८६८ मध्ये त्याने सॅलिसिलाल्डिहाइडच्या सोडियम क्षारावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची क्रिया करून कूमारिन बनवलं. हीच आपली चार मार्कांची रिॲक्शन! कूमारिन म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या टोन्का बियांचा सुगंध: थोडा बदाम, थोडा व्हॅनिला, थोडं वाळलेलं गवत. तोवर तो बियांसारख्या वनस्पतींतूनच काढावा लागे.

आता माझ्या कॉलरचं कोडं. लिंबाच्या वासातलं लिमोनीन सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळतं, कूमारिन सुमारे ३०१ अंशांना. म्हणजे अंगाच्या उबेवर लिमोनीन भराभर उडून जातं आणि कूमारिनसारखे जड पदार्थ रेंगाळतात. व्हेपर प्रेशर, दुसरं काही नाही! १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ कंपनीने आपल्या सेंटात कृत्रिम कूमारिन वापरलं. १८८९ मध्ये एमे गेर्लाँने 'जिकी' बनवलं: वर लिंबू, बर्गमॉट, लॅव्हेंडर आणि खाली कूमारिन, व्हॅनिलिन. वर ताजं, खाली उबदार.

सगळंच काही पर्किनच्या मनासारखं झालं नाही. १८६९ मध्ये ॲलिझरिन या लाल रंगाच्या पेटंटमध्ये जर्मन लोकांनी त्याला एका दिवसाने मागे टाकलं. १८७४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्याने कारखाना विकला आणि तो पुन्हा लॅबमध्ये जाऊन बसला. तिन्ही मुलगे केमिस्ट झाले. १९०६ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला आणि १९०७ मध्ये तो गेला.

सेंटाच्या बाटलीवर त्याचं नाव नसतं. पण लिंबू उडून गेल्यावर जे मागे उरतं, त्याची वाट पहिल्यांदा त्यानेच लॅबमध्ये काढली.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला फ्लास्कमध्ये काळा गाळ उरला, तर धुण्याआधी एकदा नीट बघा. मी तरी आता बघतो. अजून जांभळं काही निघालेलं नाही, पण शेजाऱ्याचं रीडिंग घेणं मात्र बंद झालंय.