विद्यार्थिनी माता पंडिता रमाबाई

जिच्या मांडीवर मूल आहे तिनें पुस्तक हातीं धरूं नये, असा समज आपल्या समाजांत पिढ्यान् पिढ्या रूढ होता. तो आज सर्वस्वीं लोपला आहे, असें आमच्यानें म्हणवत नाहीं. म्हणून ह्या महोत्सवाच्या अंकांत एका विद्यार्थिनी मातेचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. पंडिता रमाबाई आपल्या कॅथॉलिक पंथाच्या नव्हत्या. तथापि त्यांजपासून शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें तें धन कन्येस दिलें. पुढें दुष्काळानें आईबाप हिरावले. भावासह देशाटन करीत १८७८ सालीं रमाबाई कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या.

१८८० सालीं त्यांचा विवाह बिपिनबिहारी मेधावी ह्या वकिलांशीं झाला. १८८१ च्या एप्रिलांत कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पतीस नेलें. वयाचीं चोवीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं. कपाळीं वैधव्य, आणि कडेवर वर्षाचेंही न झालेलें मूल! अशा स्त्रीचें शिक्षण संपलेंच, असें कोणासही वाटलें असतें.

रमाबाईंस तसें वाटलें नाहीं. त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य ह्यांची निकड मांडिली. १८८३ सालीं तान्हुलीस घेऊन त्या विलायतेस गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयास असतां मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅमच्या कॉलेजांत त्या स्वतः शिकत व संस्कृत शिकवीत, तेव्हां मनोरमेच्या संगोपनास ह्या भगिनींचा मोठा हातभार लागला. आमच्या मतें साऱ्या चरित्राची किल्ली हीच. आईची बुद्धि तीव्र होती खरी. पण कोणी मूल सांभाळिलें, म्हणूनच ती अभ्यासास बसूं शकली.

११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी ह्यांस वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईही चौदाव्या वर्षीं माता झालेल्या. त्यांचें अर्भक दहा दिवसांतच गेलें होतें. बरोबर तीन वर्षांनीं, ११ मार्च १८८९ रोजीं, रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडिलें. जिचें शिकणें विवाहानें किंवा वैधव्यानें खुंटलें, तिला तेथें पाटी मिळाली. १८९३ सालीं धर्मांतराच्या शंकेनें अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. तरी कार्य थांबलें नाहीं. दुष्काळांत सांपडलेल्या शेंकडों स्त्रियांस केडगांवच्या मुक्तिसदनांत थारा मिळाला, आणि जगानें पतित म्हणून टाकिलेल्या स्त्रियांसाठीं तेथें कृपासदन निघालें. आश्रयाबरोबर अक्षरज्ञान व हातास उद्योग, ही तेथील रीत होती. कडेवरची ती मनोरमा मोठी होऊन शारदासदनाची मुख्याध्यापिका झाली. १९२१ सालीं ती निवर्तली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं मातेनेंही देह ठेविला.

वाचकहो, आजही एखादी शाळकरी मुलगी गरोदर राहिली कीं घरचे मान खालीं घालितात, शेजारी कुजबुजतात, आणि तिचें दप्तर कायमचें फळीवर चढतें. दोष कोणाचा, ह्याचा निवाडा करण्यास आपण सारे तत्पर असतों. मूल दोन तास कोण सांभाळील, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आपल्या धर्मग्रामांत आज्या आहेत, मावश्या आहेत, धर्मभगिनी आहेत. त्यांतील एकीनें जरी पाळण्याची दोरी हातीं घेतली, तरी एक आई पुनः वर्गांत जाऊन बसेल. महोत्सवाची ह्याहून बरवी भेट आम्हांस सुचत नाहीं.