अण्णांचा संसार

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपल्या मंडळाच्या प्रत्येक समारंभात आदराने घेतले जाते. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, 'भारतरत्न' हा बहुमान, या साऱ्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या लेखात मला त्या कार्याची यादी पुन्हा द्यावयाची नाही. अण्णांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. एवढ्या दीर्घ आयुष्यात पती म्हणून, पिता म्हणून, आजोबा म्हणून ते कसे होते, हा प्रश्न आम्हा संसारी बायकांच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांचे 'आत्मवृत्त' आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' ही दोन पुस्तके मी लागोपाठ वाचली. एकाच घराची ही दोन टोके आहेत. दोन्ही हाती धरल्यावाचून त्या संसाराचे खरे दर्शन होत नाही, असे मला वाटते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात, आजोळी शेरवली येथे झाला. घर मुरूडचे, परिस्थिती गरिबीची. त्या काळच्या रीतीप्रमाणे चौदाव्या वर्षीच त्यांचे लग्न झाले. पत्नी राधाबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. मुंबईस राहून, शिकवण्या करून अण्णांनी १८८४ साली बी. ए. ची परीक्षा दिली व नंतर शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले. परंतु त्याच वर्षी राधाबाई निवर्तल्या. मागे नऊ वर्षांचा रघुनाथ राहिला.

बिजवराने कुमारिकेशी लग्न करावे, यात तेव्हा कोणालाच काही वावगे दिसत नसे. अण्णांनी मात्र लग्न केले तर विधवेशीच, असा निश्चय केला. देवरुखच्या जोशांची गोदूबाई ही आठव्या वर्षी विधवा झालेली मुलगी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. त्या संस्थेतील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. तिचे बंधू नरहरपंत हे अण्णांचे मुंबईचे स्नेही. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून बहिष्कार पुकारला. वृद्ध आईलाही मुलगा-सून उघडपणे घरात घेता येईनात. आपल्यामुळे घरच्यांवर हे संकट आले, याचे दुःख दोघांनाही झाले असलेच पाहिजे. पण धरलेला हात अण्णांनी सोडला नाही.

येथवरची कथा आपल्या परिचयाची आहे. पुढची कथा मात्र बायांच्या पुस्तकावाचून कळत नाही. १८९६ साली अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात शिकवावे आणि संध्याकाळी पायी हिंगण्यास जावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. बाया मुलांना घेऊन पुण्यात. पुनर्विवाहित स्त्रीचा वावर आश्रमात दिसला तर लोक आपल्या विधवा मुली तेथे पाठवावयास कचरतील, या धास्तीने बायांना पुष्कळ काळ बाजूलाच राहावे लागले. ज्या विवाहाने या कार्याला आरंभ झाला, त्या विवाहातील स्त्रीलाच कार्याच्या दाराबाहेर उभे राहावे लागले! त्यातच अण्णांनी आपली शिल्लक आणि विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. उद्या यांचे काही बरेवाईट झाले तर मुलांच्या तोंडी घास कोण घालणार, ही बायांची चिंता. त्यांनी ती बोलून दाखविली, भांडून दाखविली. डबा पुसून महिनाअखेर निभावणारी आपल्यापैकी कोण बाई त्यांना दोष देईल?

तरीही बायांनी पुढे याच कार्यासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, हे विसरता कामा नये. एकट्या अण्णांच्या त्यागावर हिंगणे उभे राहिलेले नाही. त्यागाची अर्धी रक्कम बायांच्या खात्यातून खर्ची पडली आहे, आणि तीही प्रथम त्यांना न विचारता.

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ त्यास पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. मुले आपापल्या वाटेने गेली. रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले; त्यांची वाट वडिलांच्या वाटेहूनही काटेरी ठरली. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत गेले, दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले, आणि भास्कररावांनी हिंगण्याचे काम पत्करले. दिनकररावांनी पत्नी इरावतीबाईंना उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठविण्याचे ठरविले, तेव्हा अण्णांना ते पसंत नव्हते, असे सांगतात. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या सासऱ्यांनाही घरची सून दूर पाठविताना मन घट्ट करता आले नाही, हे वाचून मला प्रथम आश्चर्य वाटले. इरावतीबाई गेल्या, १९३० साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतल्या, आणि पुढे काही वर्षे सासऱ्यांच्याच विद्यापीठाच्या निबंधक झाल्या. एकदा पाऊल पडल्यावर त्या घराने ते मागे खेचले नाही.

मग अण्णांना प्रेमळ पती, प्रेमळ पिता म्हणावे की नाही? माझे उत्तर 'म्हणावे' असेच आहे. पण ते प्रेम घरावर पैसा किंवा वेळ उधळणारे नव्हते. ते घरच्या माणसांना मोकळे ठेवणारे होते. बायांचे 'माझे पुराण' सुनेने, कावेरीबाईंनी, सिद्ध केले आणि ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. नवऱ्याविषयीच्या तक्रारी त्यात जशाच्या तशा आहेत. अण्णा तेव्हा ८६ वर्षांचे होते, साऱ्या देशात पूज्य होते, आणि पुस्तक त्यांच्या डोळ्यांदेखत निघाले. किती थोर पुरुषांच्या घरांतून असे पुस्तक बाहेर पडले असते? पुढच्या पिढीत जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या नाती लेखिका झाल्या, स्त्रीच्या मनातले निर्भीडपणे लिहू लागल्या. आजोबांच्या घरात बोलण्यास बंदी नव्हती, त्याचेच हे फळ, असे मी समजते.

१९५० साली बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. १९५३ साली रघुनाथराव गेले. ९५ वर्षांच्या पित्याला थोरल्या मुलाचा वियोग पाहावा लागला. दीर्घायुष्याचा आशीर्वाद आपण सहज देतो, पण त्याची किंमत ही अशी असते. १९५८ साली शंभरी पूर्ण झाली, भारतरत्न मिळाले, टपालाच्या तिकिटावर चित्र आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांचे निधन झाले. हिंगण्याच्या त्या माळाला आज कर्वेनगर म्हणतात.

भगिनींनो, आपल्या मंडळाचे काम आपणही घर सांभाळूनच करतो, आणि आपल्या कामाची झळ घरच्यांना थोडीफार लागतेच. त्यांना आधी विचारावे, आणि त्यांची तक्रार ऐकून घेण्याइतके मन मोठे ठेवावे, एवढे या संसारातून मी शिकले. अण्णांच्या तसबिरीला हार घालताना शेजारी बायांचीही तसबीर असावी, अशी माझी मंडळाला नम्र सूचना आहे.