फेलिक्स सावार

फेलिक्स सावार (३० जून, १७९१ - १६ मार्च, १८४१) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राविषयीच्या बायो-सावर्ट नियमामुळे (१८२०) विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परिचित असते. त्यांचा खरा ओढा मात्र ध्वनिशास्त्राकडे, विशेषतः व्हायोलिन व चेलो या वाद्यांच्या रचनेकडे होता.

जीवन

सावार यांचा जन्म मेझिएर येथे झाला. १८१६ मध्ये स्त्रासबुर्ग येथून वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी मेत्स येथे व्यवसाय सुरू केला. पण त्यात त्यांचे मन रमले नाही. १८१९ मध्ये ते पॅरिसला आले. तेथे ज्याँ-बातिस्त बायो यांनी त्यांच्यातील प्रयोगकर्ता ओळखला. १८२७ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पुढे त्यांनी कोलेज द फ्रान्स येथे अध्यापन केले.

वाद्यांवरील संशोधन

व्हायोलिनचा डौलदार आकार नादासाठी आवश्यक आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल त्यांनी सपाट पाट्यांचे, समलंब चौकोनी व्हायोलिन बनवले. पडद्याआड वाजवून त्याची एका नामांकित जुन्या व्हायोलिनशी तुलना करण्यात आली, तेव्हा संगीतकार केरुबिनी यांचा समावेश असलेल्या समितीला ते तोडीस तोड वाटले. तरीही वादकांनी ते स्वीकारले नाही. पुढे वाद्यनिर्माते व्हियोम यांच्या साहाय्याने त्यांनी स्त्रादिव्हारी यांच्यासारख्या जुन्या कारागिरांच्या वाद्यांचाही अभ्यास केला. पाट्यांवर वाळू पसरून ते कंपनांच्या आकृती पाहत असत.

वाद्याच्या पोटातील साउंड पोस्ट या बारीक लाकडी दांडीकडेही त्यांनी लक्ष दिले. फ्रेंच भाषेत तिला ‘आत्मा’ या अर्थाचा शब्द आहे, आणि तो अतिशयोक्त नाही. ही दांडी वरच्या पाटीची कंपने मागच्या पाटीपर्यंत पोहोचवते, असे सावार यांचे मत होते. नंतरच्या संशोधनाने त्यात भर घातली: दांडीमुळे घोडीचा एक पाय जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे घोडी डोलते आणि दुसऱ्या पायाखालील भाग अधिक कंप पावतो.

चेलोमध्ये स्प्रूस लाकडाची ही दांडी घोडीच्या उंच स्वराच्या तारेकडील पायाच्या किंचित मागे उभी असते. ती चिकटवलेली नसते. पाट्यांच्या दाबानेच टिकते. म्हणून सर्व तारा एकदम सैल केल्यास ती पडू शकते. पडल्यावर तारा ताणलेल्या ठेवणे धोक्याचे असते, कारण आधार नसलेली वरची पाटी दबते. दांडी गरजेपेक्षा लांब असल्यास वरची पाटी फुगून तडकण्याची भीती असते. तिची दोन्ही टोके पाट्यांच्या उतारानुसार तासावी लागतात. नादछिद्रातून वाकड्या हत्याराने ती बसवण्याचे काम जाणकार कारागिरावरच सोपवणे इष्ट. जागा अगदी थोडी बदलली तरी नाद बदलतो.

स्वरांतर मोजण्याच्या एका एककाला सावार यांचे नाव दिले आहे. एका सप्तकात सुमारे ३०१ सावार असतात. त्यांचे निधन वयाच्या ४९ व्या वर्षी पॅरिस येथे झाले.