एका तारेनं वाचवलेला पाय : डॉ. चार्ल्स डॉटर आणि लेकरांसाठी डॉक्टर घडवण्याची गोष्ट

बोरगाव (जि. पांढुर्णा) : सौंसर भागातल्या एखाद्या लेकराच्या गालावर जन्मापासून निळसर गाठ असते. लेकरू रडलं की ती फुगते. घरचे आधी सौंसरला दाखवतात, मग सावनेरवरून नागपूर गाठतात. मेडिकलला जायचं की मेयोला, हे शेजारच्यांना विचारून ठरतं. ऑपरेशनचं नाव निघालं की आईच्या पोटात गोळा येतो. पण अशा बऱ्याच गाठींना आता चिरफाड लागत नाही. सुई जाईल एवढ्या छिद्रातून, पडद्यावर बघत बघत, बिघडलेल्या शिरेत औषध सोडता येतं. या शाखेला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात. अडचण एकच, हे काम लहान लेकरांवर करायला शिकलेले डॉक्टर फार थोडे आहेत.

ही शाखा ज्यांच्यामुळे उभी राहिली ते डॉ. चार्ल्स थिओडोर डॉटर. त्यांना जाऊन चार दशकं झाली. ते बालरोगतज्ज्ञ नव्हते. पण आज लेकराच्या बारीक शिरेत कॅथेटर सरकवायला शिकणारा प्रत्येक डॉक्टर त्यांच्याच वाटेनं चालतो.

डॉटर यांचा जन्म १४ जून १९२० रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला. कॉर्नेल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि न्यूयॉर्कमध्ये क्ष-किरण शास्त्राकडे वळले. त्या काळी रेडिओलॉजिस्ट म्हणजे फोटो काढून अहवाल लिहिणारा डॉक्टर. पेशंट दुसऱ्याचा, उपचार दुसऱ्याचा. १९५२ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, डॉटर पोर्टलँड इथल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजीचे विभागप्रमुख झाले. शेवटपर्यंत ते तिथंच राहिले.

१९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी एक साधी युक्ती दाखवली. सुईनं रक्तवाहिनी टोचायची, सुईतून तार आत घालायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून कॅथेटर म्हणजे पोकळ नळी सरकवायची. चीर न देता रक्तवाहिनीत शिरता येऊ लागलं. पण सगळे ही युक्ती फोटो काढण्यापुरतीच वापरत होते.

१९६३ मध्ये डॉटर एका पेशंटच्या किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची तपासणी करत होते. मांडीतून वर सरकवलेला कॅथेटर वाटेतल्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीतून आरपार गेला. वाट मोकळी झाली. हे ठरवून केलेलं नव्हतं, चुकून झालं होतं. दुसऱ्या कुणी ते मनातच ठेवलं असतं. डॉटर यांनी त्यावर विचार केला. फोटो काढायला आत गेलेली नळी दुरुस्तीही करू शकते, हे त्याच वर्षी त्यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या परिषदेत मांडलं.

संधी लवकरच आली. ८२ वर्षांच्या एका बाईच्या डाव्या पायाला गँगरीन झालं होतं. पाय कापावा लागेल, असं सर्जनचं मत होतं. बाईंनी ठाम नकार दिला. १६ जानेवारी १९६४ रोजी डॉटर यांनी मांडीतल्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून आधी तार नेली. तिच्यावरून टेफ्लॉनची एक नळी आणि त्या नळीवरून आणखी जाड नळी सरकवली. थोड्याच वेळात गार पडलेलं पाऊल कोमट झालं. दुखणं गेलं, जखम भरत आली. त्या बाई पुढची दोनेक वर्षं, मरेपर्यंत, स्वतःच्या पायांवर चालल्या.

त्यांचे तरुण सहकारी मेल्विन जडकिन्स यांच्यासोबत डॉटर यांनी त्याच वर्षी हे काम छापलं. टाळ्या मात्र फारशा मिळाल्या नाहीत. फोटो काढणाऱ्यानं उपचारात हात घालावा हे अमेरिकेतल्या सर्जनांना रुचलं नाही. कुणी पेशंट पाठवला तरी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असे, की फक्त फोटो काढा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. माघारी त्यांना वेडा चार्ली म्हणत. स्वभाव धसमुसळा, बोलणं सडेतोड, डोंगर चढायचं वेड. गिटारच्या तारा, गाडीच्या स्पीडोमीटरची केबल, जे हाताला लागेल त्यातून ते हत्यारं बनवून बघत. १९६३ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत बिल कुक नावाचा तरुण छोट्याशा स्टॉलवर गॅसबत्तीच्या आचेवर कॅथेटर घडवून दाखवत होता. डॉटर यांनी त्याचं सामान एका रात्रीपुरतं मागून नेलं आणि सकाळी स्वतः बनवलेले कॅथेटर आणून दिले. पुढे त्याच तरुणाची कंपनी जगभर अशी साधनं पुरवू लागली.

पण साधन मिळालं म्हणजे विद्या मिळाली असं होत नाही. तार कुठं अडली, जोर कधी लावायचा आणि कधी थांबायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही. शिकलेल्याच्या शेजारी उभं राहूनच ते येतं. अमेरिकेनं पाठ फिरवली तेव्हा युरोपनं डॉटर यांचं काम उचललं. जर्मनीत एबरहार्ड झाइटलर यांनी ही पद्धत शेकडो पेशंटवर वापरली. तिकडं तिचं नावच डॉटरिंग पडलं. झाइटलर यांच्याकडून ती आंद्रेआस ग्रुंटझिग यांच्यापर्यंत गेली. त्यांनी जाड नळीच्या जागी फुगा आणला आणि १९७७ मध्ये झ्युरिकला हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. ग्रुंटझिग यांनी शिकवण्याची रीतही बदलली. आत पेशंटवर काम चालू आणि बाहेर हॉलमध्ये डॉक्टर टीव्हीच्या पडद्यावर ते थेट बघतायत, असे वर्ग त्यांनी भरवले. चूक झाली तर तीही सगळ्यांसमोर. अशा रीतीनं डॉटर यांची विद्या वळसा घालून पुन्हा अमेरिकेत पोचली.

प्राग शहरातून आलेले योसेफ रोश १९६७ पासून पोर्टलँडला डॉटर यांच्यासोबत काम करू लागले. रक्तस्राव आतूनच बंद करण्याच्या पद्धती या दोघांनी पुढे नेल्या. त्याच वर्षी अलेक्झांडर मार्गुलिस यांनी या शाखेला नाव दिलं आणि अटही घातली. हे काम करणाऱ्याला वेगळं प्रशिक्षण हवं, आणि पेशंटची आधीची, मधली आणि नंतरची काळजी घेता यायला हवी. डॉटर यांचंही म्हणणं तेच होतं. पेशंटची जबाबदारी घेतली नाही तर आपण महागडे प्लंबर ठरू, असं ते आपल्याच शाखेच्या लोकांना बजावत.

लेकरांच्या बाबतीत ही अट आणखी कडक होते. १९६६ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंड यांनी हृदयातल्या मुख्य रक्तवाहिन्या उलट जोडलेल्या नवजात बाळांवर उपाय शोधला. शिरेतून फुगा हृदयात न्यायचा आणि मधल्या पडद्यातून ओढून वाट करायची. छाती न उघडता बाळाचा जीव तगायला लागला. लेकरू म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे अशा कामात लगेच कळतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. मोठ्या माणसात जे चार थेंब सांडले तरी चालतात, ते इथं मोजावे लागतात. रक्तवाहिनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. फोटोत दिसण्यासाठी सोडायचं औषध वजनावर मोजून द्यायचं. क्ष-किरणांचा मारा शक्य तितका कमी ठेवायचा, कारण वाढत्या अंगाला त्याचा धोका जास्त आणि पुढं आयुष्यही मोठं. बाळ गार पडू नये म्हणून टेबल उबदार ठेवायचं. लेकरू निपचित पडून राहणार नाही, म्हणून भूलतज्ज्ञ सोबत हवा.

म्हणून रेडिओलॉजीचं शिक्षण पुरं झाल्यावरही लेकरांच्या कामासाठी वेगळी फेलोशिप लागते. ती साधारण वर्षभराची असते. आधी नुसतं बघायचं. मग तार आणि नळी हातात देण्याचं काम. सोनोग्राफीत बघून सुई मारण्याचा सराव आधी नकली नमुन्यांवर. मग गुरू शेजारी उभा असताना स्वतः. आणि शेवटी एकट्यानं. शिरेतली लांब नळी बसवणं, पोटातला पू सुईनं काढणं, गाठीचा तुकडा तपासायला घेणं, गालावरच्या त्या निळ्या गाठीत औषध सोडणं, हे रोजचं काम. कुठल्या लेकराला हात लावायचा नाही आणि कुणाला सर्जनकडेच पाठवायचं, हेही तिथंच शिकतात. आईबापाला समजेल असं बोलणं हाही त्या शिक्षणाचाच भाग.

डॉटर यांना हॉजकिन नावाचा कॅन्सर झाला होता. त्याच्याशी झुंजत ते काम करत राहिले आणि शिखरंही चढत राहिले. पुढे हृदयाचंही मोठं ऑपरेशन झालं. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी पोर्टलँडला ते गेले. त्याच वर्षी ग्रुंटझिगही विमान अपघातात गेले. दोघं एकाच वर्षी गेले तरी काम थांबलं नाही, कारण तोवर ते शेकडो हातांत पोचलं होतं. १९९० मध्ये पोर्टलँडला डॉटर यांच्या नावानं संस्था उभी राहिली. रोश तिचे पहिले संचालक झाले.

आज भारतातही या शाखेत डी.एम. करता येतं. पण त्यातही लेकरांचंच काम करणारे थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत. बोरगाव, सौंसर, पांढुर्ण्याच्या घरांनी त्यामुळे एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेकराला मोठं ऑपरेशन सांगितलं, तर हे काम सुईनं होण्यासारखं आहे का, हे विचारावं. सुईनं करू म्हणाले, तर लेकरांवर हे आधी किती वेळा केलंय, शिकणारा डॉक्टर करणार असेल तर शेजारी कोण उभं राहील, हेही विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. शिकाऊ हात असणं यात वाईट काही नाही, शिकल्याशिवाय पुढच्या लेकरासाठी डॉक्टर येणार कुठून? फक्त त्या हाताशेजारी शिकवणारा हात पाहिजे.