लुई कान : विद्यार्थ्यांच्या खोलींत उजेड आणणारा शिल्पी

वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास खोलींत काय काय हवें असें विचारल्यास खाट, मेज व दिवा हीं नांवें तो सहज सांगेल. खिडकींतून येणारा उजेड मात्र त्याच्या ध्यानांत येणार नाहीं. कारण तो फुकट मिळतो अशी आपली समजूत असते. परंतु घर बांधणाऱ्यानें आधीं विचार केला नसेल, तर भर दुपारींहि खोलींत काळोख राहतो, किंवा ऊन इतकें येतें कीं पुस्तकाच्या पानाकडे पाहवत नाहीं. ह्या देणगीचा जन्मभर विचार करणाऱ्या एका शिल्पकाराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लुई कान ह्यांचा जन्म १९०१ सालीं एस्टोनियांतील एका गरीब यहुदी कुटुंबांत झाला. तो देश त्या वेळीं रशियाच्या साम्राज्यांत होता. लुई सुमारें तीन वर्षांचा असतां निखाऱ्यांच्या तांबूस तेजाला भुलला आणि ते त्यानें उचलून आपल्या ओच्यांत घेतले. कपडे पेटले, तोंड व हात भाजले. मुलगा वांचला, पण चेहऱ्यावरचे व्रण कायमचे राहिले. असें विद्रूप होऊन जगण्यापेक्षां तो गेलेला बरा असें बापास वाटलें, आईस मात्र तो पुढें मोठा होईल अशी खात्री होती, अशी आठवण त्या घरांत सांगत असत. ज्या प्रकाशानें त्यास पोळलें, त्याचीच ओढ त्यास आयुष्यभर राहिली, हें नवल होय.

१९०६ सालीं हें कुटुंब अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं आलें. घरीं दारिद्र्य होतें. लुई चित्रें सुंदर काढी, आणि मूकपटांच्या नाटकगृहांत वाद्य वाजवून शिक्षणापुरते पैसे मिळवी. हायस्कुलांत असतां वास्तुकलेवरील व्याख्यानें त्याच्या कानीं पडलीं, आणि चित्रकार होण्याचा बेत सोडून त्यानें हीच विद्या धरली. १९२४ सालीं पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाची पदवी मिळाली. कीर्ति मात्र पन्नाशी उलटेपर्यंत आली नाहीं. १९५०-५१ सालीं त्यांनीं रोम, ग्रीस व इजिप्त येथील प्राचीन वास्तु पाहिल्या. जाड भिंती आणि त्यांवर पडणारें ऊन ह्यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

कान ह्यांनीं बांधलेल्या दोन विद्यार्थिगृहांची तुलना केली असतां त्यांची दृष्टि चांगली समजते. पहिलें फिलाडेल्फियाजवळील ब्रिन मॉर ह्या स्त्रियांच्या कॉलेजांतील अर्डमन हॉल. हें काम १९६० ते १९६५ ह्या काळांत झालें. तेथें तीन चौकोन कोपऱ्यास कोपरा लावून ठेविले आहेत. मुलींच्या खोल्या बाहेरच्या कडेनें असल्यामुळें त्यांस खिडक्या मिळाल्या; पण मग मधले दिवाणखाने अंधारांत राहते. म्हणून कान ह्यांनीं त्या उंच दिवाणखान्यांच्या कोपऱ्यांवर छपराच्याहि वर जाणारे प्रकाशाचे मनोरे उभारले. त्यांतून उजेड भिंतींवरून खालीं उतरतो. थंड प्रदेशांत उजेडास असें आमंत्रण द्यावें लागतें.

दुसरें विद्यार्थिगृह आपल्या देशांत, अहमदाबाद येथें आहे. तेथील व्यवस्थापन-शिक्षणसंस्थेचें काम १९६२ सालीं कान ह्यांजकडे आलें. पुण्यास जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी हे त्यांचे सहकारी होते. येथें प्रश्न अगदीं उलट होता. उजेड हवा, पण ऊन नको. म्हणून कान ह्यांनीं विटांच्या जाड भिंतींत मोठाले गोल व कमानदार गाळे सोडले आणि आंतल्या जागा त्यांच्यामागें सावलींत घेतल्या. ऊन बाहेरच्या भिंतीवर अडतें. सौम्य झालेला उजेड तेवढा आंत येतो. वाऱ्याची दिशा पाहून इमारतींची मांडणी केली. लांब काळोखी बोळ ठेविलीच नाहींत. दहा-दहा खोल्या एका जिन्याभोंवतीं व चहाच्या दालनाभोंवतीं गुंफल्या. वर्गांत शिकलेल्या गोष्टींवर मुलांनीं तेथें बसून बोलावें, हा त्यांतील हेतु.

ह्या ध्यासाची किंमत कान ह्यांनीं भरपूर मोजली. एकच नकाशा ते पुनः पुनः बदलीत. कामें लांबत आणि कर्ज वाढे. १७ मार्च १९७४ रोजीं अहमदाबादेहून परत जातांना न्यूयॉर्कच्या रेल्वे-स्टेशनावर हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. जगप्रसिद्ध शिल्पकार, पण कांहीं काळ त्यांच्या देहाची ओळखहि पटली नाहीं. अहमदाबादचें पुढील काम त्यांचे सहकारी अनंत राजे ह्यांनीं चालविलें.

कर्त्यामागें त्याच्या कृतीवरहि संकट आलें. विटा झिजल्या, भिंतींस चिरा पडल्या, पाणी गळूं लागलें. १८ वसतिगृहांपैकीं १४ पाडून नवीं बांधावीं असा बेत संस्थेनें २०२० च्या डिसेंबरांत जाहीर केला. देशोदेशींच्या वास्तुशिल्प्यांनीं व माजी विद्यार्थ्यांनीं विरोध केला, तेव्हां थोड्याच दिवसांत तो मागें घेण्यांत आला. तरी जुन्या भिंती किती काळ टिकतील हा प्रश्न संपला नाहीं. राहणाऱ्यांची सुरक्षितता मोठी, हें कोणासहि मान्य व्हावें. परंतु नवीं घरें बांधतांना उजेडाचा तो विचारहि पाडला जाऊं नये, असें आम्हांस वाटतें.

आमच्या बालवाचकांनीं आज आपल्या खोलींत उजेड कोठून येतो व केव्हां जातो हें एकवार पाहावें, आणि मेज त्याप्रमाणें हलवावें. पालकांनींहि मुलांस वसतिगृहांत ठेवितांना भाडें व भोजन ह्यांबरोबर खिडकीचीहि चौकशी करावी. भाजलेल्या चेहऱ्याचा एक गरीब मुलगा इतरांच्या मुलांसाठीं जन्मभर उजेडाची काळजी वाहूं शकला; आपण निदान खिडकीपुढील कपाट तरी बाजूस सारूं.